रिकाम्या रकान्यांतली नावं

प्रिय सोल्वाय,

तुझ्या बेटावर टपाल किती दिवसांनी पोचतं, मला ठाऊक नाही. फोन तू उचलणार नाहीस हे मात्र ठाऊक आहे. दोन वर्षांत सात वेळा करून पाहिला, आठव्यांदा धीर झाला नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतलाय. सरकारी कागद समजून तरी उघडशील.

सांगायचंय ते चार ओळींचं. तीनदा नुसत्या चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. कारण पहिली ओळ वाचूनच तू विचारशील, "तुला कसं कळलं?" आणि त्याचं उत्तर द्यायचं तर मला बरंच मागून यावं लागेल. काम घाईचं आहे, पण आजच्या आज नाही; तेवढी सोय मी करून ठेवलीय. तेव्हा रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

इथलं सगळं तू सोडून गेलीस तसंच आहे. बंदरावरची बेकरी तेवढी बंद पडली. माझी पाठ पूर्वीपेक्षा वाईट आहे. परवा फ्योर्डच्या काठावरच्या त्या गाडीतळावर जरा थांबले होते. आपण दुपारी तिथे गाडी लावायचो, काळ्या पावावर लिव्हर पेस्ट फासून खायचो, आणि वाऱ्यानं दार उघडायचं नाही म्हणून काचेतूनच समुद्राशी बोलायचो. दहा वर्षं, सोल्वाय. सकाळी सातपासून म्हाताऱ्यांच्या सुजल्या पायांवर ते घट्ट मोजे चढवायचे, अंघोळी घालायच्या, गोळ्या मोजून द्यायच्या. अंघोळ घालताना तू गायचीस, इतकी बेसूर की ते बिचारे थंडी विसरून हसायचे. केटी होल्म म्हणायची, "हिला गप्प बसवायला तरी मला लवकर कोरडं करा गं." कुणी पडलं आणि लगेच उचलता आलं नाही, तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आपण दोघी त्याच्या शेजारी फरशीवर बसायचो. फरशी किती गार असते हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मग माझी पाठ गेली आणि नगरपालिकेनं मला खुर्ची दिली. तुझं ते वाक्य मी अजून विसरले नाही: "जा, आता खुर्चीत बसून लोकांना मोजे चढव." मला तेव्हा हसू आलं होतं.

सहा आठवडे आरहूसला शिकायला पाठवलं. परत आले तेव्हा सेवा विभागात काय गोंधळ होता ते तुला कधी नीट सांगितलंच नाही, कारण तुला त्यात रस नव्हता. म्हाताऱ्यांपैकी कुणी गळ्यातलं मदतीचं बटण दाबलं की मदत किती वेळात पोचते, एवढा साधा प्रश्न. आणि बैठकीत त्याची तीन उत्तरं यायची. एकजण बटण दाबल्यापासून मोजायचा, दुसरी आपला फोन उचलल्यापासून, तिसरा रविवार सोडून. प्रत्येकाचा वेगळा तक्ता, प्रत्येकाचं वेगळं गणित. तासभर कुणाचं बरोबर यावर भांडण, आणि म्हाताऱ्यांचा विषय निघायच्या आत कॉफी संपायची.

मला आरहूसला शिकवलेलं हेच होतं. हिशेबाची रीत तक्त्या-तक्त्यात लिहायची नाही. सगळ्यांच्या सामाईक जागी ती एकदाच लिहायची, तिला नाव द्यायचं, आणि मग ज्याला लागेल त्यानं ते नाव उचलून आपल्या अहवालात ठेवायचं. आम्ही त्याला माप म्हणतो. कुणी महिन्याप्रमाणे मागितलं तर ते महिन्याचं उत्तर देतं, कुणी वस्तीप्रमाणे मागितलं तर वस्तीचं, रीत एकच. पुन्हा कुणाला गणित करायला नको आणि पुन्हा कुणी भांडायला नको. मी असं पहिलं माप लिहिलं ते बटणावर धावणाऱ्या तुमच्या गाड्यांचं. एकच ओळ होती. बटण दाबल्याची वेळ, दारात पोचल्याची वेळ, दोन्हींतलं अंतर, त्याची सरासरी.

त्या दिवशी मी तुला नाव सुचवायला सांगितलं होतं. तू पाव चघळत म्हणालीस, "पोचलो की नाही. हेच नाव दे." मी म्हटलं, असं नाव शोभत नाही, आणि दिलं, 'मदत पोचण्याचा सरासरी वेळ'. मला फार आवडला तो उद्योग, हे तुझ्यापासून काय लपवू. पाठ मोडलेली बाई मी, आणि माझी एक ओळ साठ-साठ अहवालांत जाऊन बसली होती. विबेके सगळ्यांसमोर म्हणाली, "मेरेटेनं आम्हाला एका भाषेत बोलायला लावलं." विभागप्रमुखानं असं म्हणावं, यासाठी माणूस काय काय करतो ते मला नंतर कळलं.

आता त्या मार्चमधल्या बैठकीबद्दल. तू तिथे होतीस, तरी मी माझ्या बाजूनं सांगते, कारण ते आपण कधी बोललोच नाही.

बटणावर धावणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक काढायचा विषय होता. तू निळ्या गणवेशातच थेट कामावरून आलीस, बसलीसुद्धा नाहीस. म्हणालीस, "केटी होल्म परवा सकाळी पावणेनऊला न्हाणीघरात पडली. बटण दाबलं. माझी गाडी गावाच्या ह्या टोकाला, दुसरी त्या टोकाला, दोन्हीकडे माणूस पडलेलं. सव्वाअकराला शेजारणीला ती सापडली. अडीच तास ती फरशीवर होती, आणि तुम्ही गाडी काढायचं म्हणताय?"

विबेकेनं भिंतीवरच्या पडद्याकडे हात केला. तिथे माझं माप होतं, मोठ्या आकड्यात. अकरा मिनिटं.

"कुणाची अकरा मिनिटं?" तू विचारलंस. "केटीची, की ह्या भिंतीची?"

"सोल्वाय, एकेका प्रसंगावरून सगळ्या गावाचं नाही ठरवता येत," विबेके म्हणाली. ओरडली नाही, समजुतीनंच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मेरेटे, आकडा बरोबर आहे ना?"

सोल्वाय, मी तेव्हा खोटं बोलले नाही. मी ती ओळ चार वेळा तपासली होती. पण तू म्हणतेस म्हणजे काहीतरी असणार, एक दिवस द्या, बघते, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी मान हलवली आणि म्हटलं, "बरोबर आहे."

बाहेर पडताना तू माझ्या खुर्चीपाशी थांबलीस. "तू त्या फरशीवर माझ्या शेजारी बसलेली बाई आहेस गं," एवढंच म्हणालीस. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

एप्रिलमध्ये गाडी गेली. जूनमध्ये तू गेलीस. तुझ्या निरोपाच्या केकाभोवती सगळे उभे होते, टेबलावर छोटे झेंडे लावले होते, आणि मी कागदाच्या कोठारात कागद मोजत असल्याचं नाटक करत होते. दाराच्या फटीतून तुझं हसणं ऐकू आलं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज.

गाडी काढल्यावर काय झालं, ते ऐकून तुला आश्चर्य वाटेल. आकडा सुधारला. अकराचे दहा झाले, मग नऊ. नगरसभेत कौतुक झालं. एका गाडीत काम जास्त चांगलं चालतं, असं कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं. मला थोडं विचित्र वाटलं, पण चांगल्या बातमीची चौकशी कोण करतं? मीही केली नाही. तू चिडून बोलली असशील, केटीचा दिवस अपवादच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सांगताना बरंही वाटलं.

दीड वर्षानं, ऑक्टोबरात, सगळा संग्रह नव्या संगणकावर हलवायचा होता. हलवल्यावर काही सांडलं तर नाही ना, हे बघायला मी ओळी मोजल्या. त्या वर्षात बटण चार हजार दोनशे बारा वेळा दाबलं गेलं होतं. आणि माझं माप सरासरी काढत होतं ती तीन हजार सहाशे पंचावन्नची. पाचशे सत्तावन्न ओळी कुठे गेल्या?

कुठेच गेल्या नव्हत्या. तिथेच होत्या. त्यांच्यात पोचल्याच्या वेळेचा रकाना रिकामा होता, एवढंच. तुम्ही दारात पोचलात की फोनवर बोट दाबायचात, त्यानं तो रकाना भरायचा. कुणी पोचलंच नाही तर बोट कोण दाबणार? आणि सरासरी काढताना यंत्र रिकामा रकाना शून्य धरत नाही, दोन तास धरत नाही, काहीच धरत नाही. ती ओळच सोडून देतं. हे मला आरहूसला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं, खाली रेघ मारून.

म्हणजे जिथे तुम्ही पोचलात तिथे किती वेळात पोचलात, एवढंच ते माप सांगत होतं. एक गाडी गेल्यावर लांबच्या वस्त्यांवर पोचणंच थांबलं; ती घरं हिशेबातून गळाली; जवळची उरली; आकडा सुधारला.

वाटलं, निदान ह्यातली निम्मी चुकून दाबलेली असतील. म्हणून मागच्या वर्षाच्या ओळी उघडल्या. त्यात केटी होल्मचा दिवस होता. आठ वाजून सेहेचाळीस मिनिटं, आठ पन्नास, नऊ दोन, नऊ वीस. चारदा दाबलं होतं तिनं. चारही ओळींत पुढचा रकाना रिकामा. तुझी केटी माझ्या अकरा मिनिटांत कधी आलीच नव्हती, सोल्वाय. तू अख्ख्या खोलीसमोर खरं बोलत होतीस आणि मी तिथे बसून त्याला नाही म्हटलं.

त्या दिवशी तुला पहिला फोन केला.

मग मी विबेकेकडे गेले. तिला वाईट ठरवून मला सुटता येणार नाही. तिनं सगळं नीट ऐकलं, दोनदा समजावून घेतलं. सातातल्या एकाकडे कुणी पोचत नाही, हे ऐकून तिचे डोळे भरून आले, तिच्या आईच्या गळ्यातही तेच बटण होतं. डोळे पुसून तिनं विचारलं, "हे माप किती अहवालांत आहे?"

"त्रेसष्ट."

"आणि दुरुस्त केलंस तर?"

"सगळ्यांत एकदम बदलेल. त्यासाठीच तर ते तसं लिहिलंय."

ती म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं आपण नगरसभेला, मंत्रालयाला, लोकांना जे सांगितलं ते सगळं एका सकाळी खोटं ठरेल. आणि गाडी परत येईल का? नाही येणार. चालक आहेत कुठे? माणसंच मिळत नाहीत." मग म्हणाली, "तू असं कर, शेजारी दुसरं माप लिही. खरं. ज्याला हवं तो ते वापरेल."

मी लिहिलं. 'कुणीही न पोचलेल्या हाका' असं नाव दिलं. ते 'काम चालू' नावाच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं, तिथे ठेवलं. कुठलं माप कुणी किती वेळा उघडलं तेही आमच्याकडे कळतं. वर्षभरात ते चार वेळा उघडलं गेलं. चारही वेळा मीच होते.

एका नगरसेवकाला पत्र लिहिलं. 'आपल्या तळमळीबद्दल आभार' असं उत्तर आलं, सही छापलेली. शेजारच्या नगरपालिकेचे लोक आमची पद्धत बघायला आले, तेव्हा विबेकेनं मलाच दाखवायला उभं केलं. मी त्यांना त्या रिकाम्या रकान्यांबद्दल सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या, दालचिनीचे रोल खाल्ले, आणि जाताना जुनंच माप उचलून नेलं. "तीन वर्षं चाललेलं आहे ना, तेच बरं," त्यांच्यातली एक म्हणाली. आता ते दोन गावांत आहे. वसंतात तिसरं गाव येणार होतं.

म्हणून जानेवारीत मी ते केलं. मंगळवारची सकाळ होती. सात चाळीसला मी माझी ती जुनी ओळ उघडली आणि तिच्यात एवढंच घातलं की रकाना रिकामा असेल तर ती हाक यंत्रातल्या नोंदीत बंद केली जाईपर्यंतचा सगळा वेळ धरायचा. त्यात चुकून दाबलेलीही मोजली गेली असती, पण ती थोडी होती, आणि माझ्या मनाला तेवढा अन्याय चालणार होता. जतन केलं. त्रेसष्ट अहवाल, बाहेरच्या दालनातला मोठा पडदा, नगरपालिकेचं संकेतस्थळ, सगळीकडे एका क्षणात आकडा बदलला. नवाचे एकेचाळीस झाले. मी दालनात जाऊन उभी राहिले. दारातून येणारी माणसं कोट काढत होती, कुणाचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. मला वाटलं, आता कुणीतरी थांबेल. कुणीतरी विचारेल, अरे, एकेचाळीस मिनिटं? म्हातारी माणसं एवढा वेळ काय करतात?

साडेनऊला पहिला फोन आला. यंत्र बिघडलंय का म्हणून. दहापर्यंत अकरा फोन. बिघडलंय का, एवढंच प्रत्येकानं विचारलं. पावणेअकराला माहिती-तंत्रज्ञान विभागानं जुनी ओळ परत ठेवली आणि सगळ्यांना निरोप पाठवला: 'आज सकाळी काही अहवालांत चुकीची आकडेवारी दिसत होती. चूक दुरुस्त करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' तीन तास, सोल्वाय. तीन तास आमच्या गावात खरा आकडा लागला होता, आणि त्याला चूक म्हणून काढलं.

मला कामावरून काढलं नाही. माझे लिहिण्याचे हक्क काढले आणि बैठकीच्या खोल्या कुणाला द्यायच्या ती यादी दिली. विबेके आता माझ्याशी हवापाण्याचंच बोलते. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, ह्याचा विचार मी सोडून दिलाय. मी माझ्या जागी असताना काय केलं तेवढं पुरेसं आहे.

बघण्याचा हक्क मात्र काढायचा ते विसरले. म्हणून दर सोमवारी, कॉफीच्या आधी, मी मागच्या आठवड्यातल्या रिकाम्या रकान्यांच्या ओळी उघडते आणि नावं वाचते. त्यानं कुणाला काही मिळत नाही. ती नावं एकदा तरी कुणीतरी वाचलेली असावीत म्हणून. काही नावं आपण दोघींनी अंघोळ घातलेल्यांची आहेत. काही दोन-तीन सोमवार दिसतात, मग दिसत नाहीत. का दिसत नाहीत ते विचारायची मी हिंमत करत नाही.

आता त्या चार ओळी.

मागच्या महिन्यातल्या एका सोमवारी तिथे तुझ्या बाबांचं नाव होतं. गुरुवार, दुपारी एक दहा, एक पंचवीस, दोन चाळीस, चार पाच. मला आधी वाटलं, दुसरे कुणी एगोन लिंगोर असतील. पत्ता वाचला, मग खोल्यांची यादी टेबलावर तशीच टाकून गेले. दार त्यांनीच उघडलं, भिंतीला धरत. मला ओळखून खूश झाले. "ये ये. सोल्वायची मेरेटे ना तू?" म्हणाले; म्हणजे आपलं भांडण तू त्यांना सांगितलेलंच नाहीस. फेब्रुवारीत ते एकदा अंगणात पडले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बटण द्यायला लावलं. तुला कळू दिलं नाही. त्या गुरुवारी ते स्वयंपाकघरात पडले, चार वेळा बटण दाबलं, आणि शेवटी हीटरच्या नळीला धरून स्वतःच उठले. किती वेळ लागला विचारलं तर म्हणाले, "अंधार नव्हता पडला." गोदीत चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस; जणू हवामान सांगत होता. बटण कुठाय विचारलं. ड्रॉवरमध्ये होतं, रबरबँड आणि जुन्या चाव्यांत. मी ते त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी माझं मन राखायला घालू दिलं. दुसऱ्या दिवशी गेले तर ते परत ड्रॉवरमध्ये होतं. "लोकांना कामं असतात गं," म्हणाले. "उगाच कुणाला कशाला धावायला लावायचं." तेव्हापासून त्यांनी ते दाबलेलं नाही, म्हणून तेव्हापासून आमच्या यादीत ते नाहीत.

त्यांना दिवसातून एकदा कुणीतरी भेटून जावं, असा अर्ज मी त्यांच्या वतीनं केला. त्यांना कुरकुरत सही करायला लावली. परवा उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारण असं लिहिलंय: 'अर्जदाराकडे मदतीचे बटण उपलब्ध असून मदत पोचण्याचा सरासरी वेळ नऊ मिनिटे आहे.' माझं माप, सोल्वाय. मी दिलेल्या नावासकट. आता ते असल्या पत्रांतही आपोआप छापून येतं. तुझ्या बाबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "नऊ मिनिटं म्हणजे चांगलंच की." मी ते पत्र घडी घालून परत पाकिटात ठेवलं.

गेले चार आठवडे मी रोज साडेबाराला त्यांच्याकडे जाते. वैतागल्याचं दाखवतात, पण टेबलावर दोन ताटल्या मांडून ठेवतात. तुला सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. "ती नोकरी टाकून येईल, आणि इथे तिच्यासाठी काय ठेवलंय?" असं म्हणाले. त्यांना ठाऊक नाही की तू इथून गेलीस त्यात माझा हात होता. ठाऊक असतं तर मला घरात घेतलं नसतं. आणि आता मी ते वचन मोडतेय, कारण शुक्रवारी विबेकेनं बोलावून सांगितलं की मी कामाशिवाय लोकांची नावं बघते हे लक्षात आलंय. तीस तारखेपासून माझा बघण्याचाही हक्क बंद. त्यानंतर ती नावं कुणी वाचणार नाही. आणि येत्या बारा तारखेला माझ्या पाठीचं ऑपरेशन आहे. सहा आठवडे मला गाडी चालवता येणार नाही, जिना उतरता येणार नाही. त्यांच्या शेजारचं घर रिकामं आहे. दुसऱ्या कुणाला सांगावं असं मला कुणी सुचत नाही. सुचलं असतं तर तुला तोंड दाखवलं नसतं.

मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. मापही आता कुणी बदलेल असं मला वाटत नाही. मला भेटू नकोस, पण बारा तारखेच्या आत इथे ये. त्यांना पडलात का म्हणून विचारू नकोस, ते नाही म्हणतील. चहाकॉफी झाल्यावर त्यांच्या उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सरकवून बघ.

अजूनही तुझी म्हणवून घेण्याचा हक्क नसलेली,
मेरेटे